मागू नये

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला अकाउंटन्सीच्या तासाला सरांनी 'बुडीत कर्जे' हे प्रकरण सुरू केले, तेव्हा सारा वर्ग उदाहरणे उतरवून घेत होता. मी मात्र नुसतीच बसून राहिले. माझ्या डोळ्यांपुढे एक तेलकट लाल वही आली होती.

माझे वडील इंदूरला पलासिया भागात स्कूटरचे मिस्त्री होते. आग्रा-मुंबई रस्त्यापासून आत, एका गल्लीत त्यांचे पत्र्याचे दुकान होते. आई बेळगावची, कानडी घरातली. मी शिक्षणासाठी आजोळी राहिले आणि वडिलांच्या हट्टाने मराठी शाळेत शिकले. ते भेटत मे महिन्याच्या सुट्टीत. एरवी रात्री फोन येई. त्यांना येणारे एकुलते एक कानडी वाक्य ते आधी म्हणत, "ऊट आय्ता?" जेवलीस का?

सुट्टीत मी दुकानात रिकाम्या डब्यावर बसून असे. गिऱ्हाइके त्यांना 'उस्ताद' म्हणत. जुनी चेतक आली की स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावून त्याची मूठ ते कानाशी धरीत आणि डोळे मिटून ऐकत. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते. ते जास्त झाले की प्लगवर काजळी धरते व ठिणगी पडेनाशी होते. वडील प्लग घासून पुसून परत बसवीत आणि एवढ्याशा कामाचे पैसे घेत नसत. नवा प्लग विकला असता तर चार पैसे सुटले असते, हे मला कॉमर्सला आल्यावर सुचले. त्यांना ते ठाऊक नव्हते असे थोडेच आहे!

जुन्या चेतकचे उत्पादन केव्हाच थांबले होते. २०२० मध्ये चेतक पुन्हा आली ती विजेवर चालणारी. तिला प्लग नाही, कार्बोरेटरही नाही. त्याच वर्षी एप्रिलपासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि पेट्रोलच्या बहुतेक नव्या गाड्यांतूनही कार्बोरेटर गेला. त्यांचा दोष कानापेक्षा यंत्राला लवकर कळतो. वडिलांकडे उरली ती जुन्या गाड्यांची माणसे. ज्याला नवी गाडी परवडत नाही, त्याला दुरुस्तीही रोखीने परवडत नाही. उधारी वाढली ती अशी.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. दुकानाचे पाच महिन्यांचे भाडे थकले होते. मी वही उघडली. येणे ११,४०० रुपये. माणसांची नावे थोडीच. बाकी 'निळी चेतक, क्लच केबल', 'भाजीवाला, टायर' असे. आणि चार रकमांपुढे त्यांच्या अक्षरात लिहिले होते, 'मागू नये'.

खरे सांगायचे तर मला रागच आला. माझी फी आजोबांनी भरायची आणि इथे हे औदार्य!

मी वसुलीला निघाले. काहींनी दिले. काहींनी "उस्तादांना केव्हाच दिले" म्हणून सांगितले. केलेल्या कामाचा मोबदला कोर्टात मागायला १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षे मिळतात, हे पुढे शिकले. वहीतल्या कितीतरी नोंदी त्याहून जुन्या होत्या. भाड्याला थोडे कमी पडले, तेव्हा मी 'मागू नये' पैकी एका दूधवाल्या काकांकडे गेले. त्यांच्याकडे सातशे रुपये होते. त्यांनी आतून नोटा आणून दोनदा मोजल्या. "बेटी, उस्ताद ने तो कभी माँगे नहीं," एवढेच म्हणाले. मी पैसे घेतले. बाहेर पडताना दिसले, दुधाचे कॅन सायकलला लावले होते. स्कूटर कुठेच नव्हती.

उरलेल्या तिघांकडे मी गेले नाही. भाडे चुकते करून दुकान सोडले. पान्यांची पेटी आईने ठेवून घेतली.

बुडीत कर्ज नफा-तोटा पत्रकाच्या नावे बाजूस दाखवतात, असे सरांनी सांगितले. वडिलांनी ते मनातून आधीच सोडून दिले होते. भाडे द्यायचे होते हे खरे, आणि त्यांचा शब्द मी मोडला हेही खरे. लाल वही आता माझ्या ट्रंकेत असते. त्या सातशेपुढे 'जमा' असे लिहायला मी दोन-तीनदा पेन उचलले. अजून लिहिलेले नाही.