दुबईला निघालायस? आधी विचार, खोलीत कोण आहे

परवा दहिवडीच्या स्टँडवर ओळखीतला एक पोरगा भेटला. इलेक्ट्रिशियनचा व्हिसा आलाय, पुढच्या महिन्यात दुबईला निघालाय. "दादा, खर्च जाऊन महिन्याला किती शिल्लक पडतंय?" मी आकडा सांगितला. मग मी विचारलं, "खोलीत कोण कोण आहेत, काही कळलंय का?" तो हसला. दादा काहीतरीच विचारतोय, असं त्याला वाटलं असणार. स्टँडवर उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांब झालीय, सवडीने वाचा.

आपल्या माण-खटावची माणसं पूर्वी गलाईच्या धंद्याला लांब लांब गेली. पण जाताना मामा, चुलता, भावकीतलं कुणीतरी आधी गेलेलं असायचं. दुकानाच्या माळ्यावर झोपायची सोय असायची. आखातात तसं नसतं. एजंट विमानात बसवतो, कंपनीची बस कॅम्पवर सोडते आणि आठ पलंगांच्या खोलीत तुमचा नंबर कुठला ते कॅम्पबॉस सांगतो. मी २००८ ला गेलो तेव्हा कॅम्प होता सोनापूरला. फोनवर चुलत्यांना पत्ता सांगितला. ते गिरणीत नोकरी केलेले, उभी हयात मुंबईत गेली. मुंबईकराला सोनापूर म्हणजे मसणवटा. ते म्हणाले, "जिता माणूस तिथं कशाला राहतोय रे?" आम्ही दोघंही हसलो.

पहिली दोन वर्षं माझं कुणाशी फार बोलणं नव्हतं. ड्युटी, मेस, झोप. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी बर दुबईच्या देवळात जायचं. खाडीकाठच्या गल्लीत, मोठ्या मशिदीच्या पाठीमागे, १९५८ पासूनचं ते मंदिर. फुलवाल्यांची दुकानं, चपलांचा ढीग, लांब रांग. वर गुरुद्वाराही होता. दर्शन व्हायचं, प्रसाद मिळायचा, पण ओळख कुणाशी होत नव्हती. गर्दीत उभं राहून परत बसने कॅम्पवर. खरं सांगू, देवळातून आल्यावर जास्तच एकटं वाटायचं.

मग आमच्या खोलीत बुवा आले. मंगळवेढ्याकडचे, शटरिंग कारपेंटर, माळकरी. पहिल्याच शुक्रवारी दुपारी पलंगावर बसून हरिपाठ सुरू केला. आवाज अगदी हळू, कारण परवानगीशिवाय असले कार्यक्रम तिथे चालत नाहीत आणि कॅम्पबॉसची भीती होतीच. टाळांना हातरुमाल गुंडाळलेला. मी फोनमध्ये डोकं घालून पडलो होतो. हरिपाठ आजीमुळे लहानपणापासून पाठ, पण दहावीनंतर म्हटला नव्हता. चौथ्या-पाचव्या अभंगाला लक्षात आलं की माझेही ओठ हलताहेत. बुवांनी बघितलं, बोलले काही नाहीत. नुसता एक टाळ पुढे सरकवला.

वर्षभरात आम्ही अकराजण झालो. सोलापूर, बीड, जत, एक बेळगावचा, एक निजामाबादचा तेलुगू, ज्याला अर्थ कळायचा नाही पण चाल बरोबर धरायचा. आणि दारापाशी खुर्ची टाकून बसणारे खेडचे चाचा. कोकणी मुसलमान, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर, पंचवीसेक वर्षं तिथेच. जुम्म्याची नमाज पढून यायचे आणि बसायचे. आम्ही म्हणायचो, चाचा राखण करताहेत. ते म्हणायचे, "राखण कसली? मराठी ऐकायला येतो." २०१४ ला आषाढी रमजानमध्ये आली. मेसमध्ये उपासाचं काय मिळणार? बुवा केळ्यांवर होते. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी चाचांनी खजुराचा डबा पुढे केला. "उपासाला चालतो ना तुमच्या?" एकाच सतरंजीवर दोघं बसले. एकाचा रोजा सुटत होता, दुसऱ्याचा उपास दुसऱ्या दिवशी सकाळी सुटायचा होता.

त्याच ऑगस्टमध्ये एका गुरुवारी रात्री बुवा म्हणाले, छातीत जळजळतंय. मी इनो दिलं. "सकाळी बघू," असंही म्हणालो. हे मी गावात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी बघितलं तेव्हा बुवा गार पडले होते.

त्यानंतरचे सहा दिवस मला नीट आठवतात. परदेशात माणूस मेला की आधी पोलीस, मग मृत्यूचा दाखला, कंपनीकडून व्हिसा रद्द, भारतीय वाणिज्य दूतावासातून पासपोर्ट रद्द आणि ना-हरकत, मग शरीर टिकवायची प्रक्रिया, मग कार्गोचं बुकिंग. हे सगळं कंपनीच्या माणसाने करायचं असतं. आमच्या कंपनीचा माणूस 'उद्या' म्हणायचा. दहन तिथेही करता येतं, त्याने तेही सुचवलं. वहिनी फोनवर एवढंच म्हणत होत्या की, तोंड बघायचंय. चाचांना अरबी येत होतं. ते ड्युटी बदलून घेऊन त्या माणसाच्या टेबलासमोर जाऊन बसले ते कागद हातात पडेपर्यंत उठले नाहीत. अकराजणांनी आपसात पैसे काढले. बेळगावकराने दूतावासाच्या दोन फेऱ्या मारल्या, त्याचे दोन दिवस बिनपगारी गेले.

शरीर टिकवायचं केंद्रही सोनापूरलाच. खोलीपासून फार लांब नाही. ओळख पटवायला मी आणि चाचा गेलो. पेटी बंद करायच्या आधी चाचा मला म्हणाले, "तुमच्यात अशा वेळी काय म्हणतात ते म्हण." मला काही सुचेना. हरिपाठाचा पहिला अभंग म्हटला, तोही मध्ये अडकलो. चाचा डोक्यावर रुमाल ठेवून उभे होते.

आणि मग कार्गोत पेटी काट्यावर ठेवली. हो, वजन केलं. तेव्हा किलोवर भाडं होतं. केरळच्या अश्रफ तामरश्शेरींसारखी माणसं वर्षानुवर्षं असे मृतदेह घरी पोचवतात, त्यांना त्यासाठी प्रवासी भारतीय सन्मानही मिळालाय. या वजन करण्यावर अनेकांनी आवाज उठवल्यावर २०१९ च्या जानेवारीत एअर इंडियाने मोठ्या माणसासाठी सरसकट १,५०० दिरहम ठरवले. पण त्या दिवशी मी काट्याचा आकडा बघितला. तो विसरत नाही.

बुवांच्या गावात कुणीतरी वहिनींना सांगितलं होतं की सरकारी विम्याचे दहा लाख येतील. प्रवासी भारतीय विम्याचे ते दहा लाख अपघाती मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला आहेत. दाखल्यावर हृदयविकार लिहिलेला. हे वहिनींना फोनवर मीच सांगितलं, कारण दुसरं कोण सांगणार? मिळाली ती ग्रॅच्युइटी, वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराच्या हिशोबाने. तीही चाचा मागे लागले म्हणून.

सरकारची यंत्रणा नाही असं नाही. दूतावासाकडे कल्याण निधी आहे, 'मदद' पोर्टल २०१५ पासून आहे. गरज पडली तर वापरा, नंबर जवळ ठेवा. पण पोर्टलवर तक्रार टाकायलाही कुणीतरी लागतं, आणि मेलेला माणूस ती टाकू शकत नाही. जाणाऱ्या मजुराला सरकार प्रशिक्षण देतं, तिथे कायदे सांगतात. तुझ्या तालुक्यातली आणखी कोण माणसं त्या कॅम्पवर आहेत, ही यादी मात्र कुणी देत नाही. ती देणं काय अवघड आहे?

२०२४ च्या फेब्रुवारीत अबू धाबीतल्या मोठ्या मंदिराचं उद्घाटन झालं तेव्हा आपल्या ग्रुपवर दिवसभर फोटो फिरत होते. मलाही आनंद झाला. मंदिर सुंदर आहे. त्याच ग्रुपवर त्याच आठवड्यात अमक्या लोकांकडून भाजी घेऊ नका असाही मेसेज आला. मी ग्रुप सोडला नाही, उत्तरही दिलं नाही. उत्तर द्यायला हवं होतं. इनोसारखंच, तेव्हा सुचलं नाही.

चाचा आता खेडला असतात, गुडघे गेलेत. दर आषाढीला सकाळी फोन येतो. "खजूर खाल्लास काय?"

स्टँडवरच्या त्या पोराला काल रात्री फोन केला. त्याचा कॅम्प कुठे ते विचारून घेतलं. सुट्टी आता शुक्रवारी नाही, त्याच्या साइटला रविवारी आहे म्हणाला. बेळगावकर अजून तिकडेच आहे, त्याचा नंबर दिला. म्हटलं, पहिल्या रविवारी त्याच्या खोलीवर जा. टाळ त्याच्याकडे आहेत.