घरातला गाणं लावणारा

पुण्याच्या पेठांमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेल्या आम्हा लोकांच्या घरी गाणं ऐकणारे सगळेच होते, लावणारा मात्र एकच. बहुतेक ठिकाणी वडील, एकत्र कुटुंब असेल तर थोरले काका. मुलांचा हात पोचू नये म्हणून रेडिओ मुद्दाम उंच फळीवर. मर्फी, बुश, फिलिप्स, नाहीतर नॅशनल एको. वर क्रोशाचा रुमाल आणि भिंतीच्या कडेनं ताणलेली जाळीची एरियल. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे. हिरवा डोळा उजळला की काका काटा सरकवत, आणि नेमकी त्याच वेळी कुणी ट्यूबलाइट लावली तर झालेल्या खरखरीबद्दल लावणाऱ्याची झाडाझडती होई. घरात रेडिओ ठेवायलाही परवाना लागायचा. त्याचे पैसे पोस्टात भरायचे. रेडिओचं वय मोठी माणसं ‘पुराच्या आधीचा’ किंवा ‘पुरानंतरचा’ असं सांगत. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतून किती तबकड्या वाहून गेल्या, याचा हिशेब कोण ठेवणार!

पुणे आकाशवाणी सुरू झाली २ ऑक्टोबर १९५३ ला. भीमसेन जोशींनी सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला तोही त्याच वर्षी. मग १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून गीतरामायण: गदिमांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली, दर आठवड्याला एक नवं गीत. आमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण वाड्यातल्या एका रेडिओभोवती सगळी बिऱ्हाडं कशी जमायची हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आता आम्हीच तिथे बसलो होतो असं वाटतं. रेडिओवरच्या त्या गीतांना गायक अनेक होते. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, लता मंगेशकरही होत्या. घरोघरी पुढे ज्या तबकड्या आल्या त्यांत मात्र सगळं फडक्यांच्याच आवाजात. हा फरक लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आकाशवाणीची एक सवय आमच्या हाडात मुरली. भावगीत लागायच्या आधी निवेदिका तीन नावं सांगायची: गीत कुणाचं, संगीत कुणाचं, गायलंय कुणी. त्यामुळे ज्यांना सा कुठे लावायचा ते कळत नव्हतं, त्यांनाही खळे आणि यशवंत देव यांच्या चालींतला फरक ऐकू यायचा. शास्त्रीय असेल तर राग, ताल आणि साथीदार. शनिवारी रात्री साडेनऊला दिल्लीहून राष्ट्रीय संगीत सभा लागे तेव्हा आम्ही अंथरुणात असायचो, पण तबल्यावर कोण आहे ते ऐकल्याशिवाय वडील दिवा घालवत नसत.

रेकॉर्ड प्लेअर सगळ्यांकडे नव्हता. ज्यांच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा होता त्यांच्या घरची मुलं वर्गात थोडी ताठ चालायची. अठ्ठ्याहत्तरच्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं, तेवढ्यात आख्खा राग उभा करणारे गवई आमच्या आजोबांचे. लाँग प्लेवर वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली आणि विलंबित ख्यालाला बसायला जागा झाली. तबकडीला हात लावायचा अधिकार अर्थात लावणाऱ्याचाच. तिचं कव्हर मागूनपुढून वाचायची परवानगी मात्र सगळ्यांना होती, आणि आम्ही ती कव्हरं पाठ केली.

हे राज्य मोडलं कॅसेटनं. आखातातून किंवा अमेरिकेतून आलेल्या मामानं टू-इन-वन आणला आणि तो पहिल्यांदा मुलांच्या खोलीत गेला. साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी टीडीके घ्यायची, गाण्यांची यादी करायची, दुकानात देऊन ‘कॅसेट भरून’ घ्यायची. शास्त्रीय हवं असेल तर कर्वे रस्त्यावर अलूरकरांकडे. इंजिनिअरिंगला गेलेली मुलं तपकीर गल्लीतून ‘थर्टी फिफ्टीफाइव्ह’ ट्रान्झिस्टरची जोडी आणि हीटसिंक आणून अॅम्प्लिफायर स्वतः जोडायची, स्पीकरची पेटी ओळखीच्या सुताराकडून करून घ्यायची. कुणाकडे सोनोडाइन किंवा कॉस्मिक आला तर बघायला जायचो. आवाज कसा होता ते आता खरंच आठवत नाही. कॅसेटच्या कार्डावरची अक्षरं मात्र आठवतात: बॉलपेननं, बारीक, ‘मारवा, वसंतराव, अमक्यांच्या घरची बैठक’. त्या पट्टीवर आमच्या वडिलांनी निवेदिकेचं काम स्वतःकडे घेतलं होतं.

सीडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. परदेशात १९८२ ला आली, आमच्या घरांत नव्वदीनंतर, आणि तिचं कव्हर चाळिशीतल्या डोळ्यांना वाचता येत नव्हतं. मग एमपीथ्री आलं. एका चकतीवर दीडशे गाणी, पदपथावर स्वस्तात. आवाज पिळून काढलेला आणि गाण्याचं नाव ‘ट्रॅक ०१’. आवाज गेला त्याची हळहळ पुष्कळांनी केली. तीन नावं गेली त्याची कुणी केली नाही.

आता आम्ही निवृत्त. वाड्यांच्या इमारती झाल्या, आम्ही कोथरूड, बाणेर, सिंहगड रस्त्याला पांगलो, मुलं बॉस्टन नाहीतर बंगळुरूला. माळ्यावर कॅसेटची खोकी आहेत, कपाटात सीडी, आणि खिशातल्या फोनमध्ये महिन्याच्या भाड्यानं मिळणारी कोट्यवधी गाणी. एकमेकांना भेटलो की साखर किती आहे हे विचारून झाल्यावर विषय येतो: स्ट्रीमर कुठला घेतलास?

स्ट्रीमर म्हणजे फाइलमधलं किंवा इंटरनेटवरचं गाणं अॅम्प्लिफायरपर्यंत पोचवणारं यंत्र. यंत्राचं उत्तर खरं तर सोपं आहे, आणि त्यावर तासन् तास घालवणाऱ्यांना आम्ही मनातल्या मनात हसतो. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन वाहिन्या. सगळं मिळून सेकंदाला १,४११ किलोबिट. आजच्या वायफायला हे ओझं काहीच नाही. फ्लॅक या पद्धतीनं साठवलं तर जागा साधारण निम्मी लागते आणि एकही बिट हरवत नाही. एक टेराबाइटच्या डिस्कवर दोन-अडीच हजार सीडी सहज बसतात. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक २०१२ पासून मिळतो, त्याच्या डोक्यावर हायफायबेरीसारखं डॅकचं कार्ड बसवलं की आकड्यांचा आवाज होतो. एवढं काही हजारांत भागतं. जोडाजोडी नको असेल तर वीमसारखा तयार डबा घ्यावा. उरलेले पैसे स्पीकरवर घालावेत, कारण कानाला कळणारा फरक तिथे आहे. सिमेंटच्या भिंतींपलीकडे वायफाय अडखळत असेल तर मुकाट्यानं वायर टाकावी. आणि पुण्यात गुरुवारी जाणारी वीज लक्षात घ्यावी: चालू असताना वीज गेली तर या छोट्या संगणकाचं मेमरी कार्ड बिघडू शकतं. म्हणून पायकोअरप्लेअर ही प्रणाली बरी. ती सुरू होताना स्वतःला मेमरीत उचलून घेते आणि कार्डाला सहसा हात लावत नाही.

खरी निवड पुढे असते. गाणं लावायचं कशातून? वरवर पाहता पर्याय भरपूर. २००१ मध्ये स्लिम डिव्हायसेस या अमेरिकन कंपनीनं घरातल्या संगणकावरची गाणी दिवाणखान्यात वाजवणारा डबा काढला. त्यातून स्क्वीझबॉक्स जन्मला, तो २००६ मध्ये लॉजिटेकनं विकत घेतला आणि २०१२ मध्ये बंद केला. डबा गेला, पण त्यामागचं सॉफ्टवेअर खुलं होतं, म्हणून हौशी लोकांनी ते जगवलं. २०२४ पासून त्याचं नाव लिरियन. दिसायला साधं, पैसे शून्य, आणि प्रत्येक खोलीत वेगळं किंवा सगळ्या खोल्यांत एकच गाणं वाजवतं. व्होल्युमिओ त्याहून देखणं. २०१५ मध्ये आलेलं रून सगळ्यांत राजेशाही: गायकावर बोट ठेवलं की चरित्र, जोडीदार, इतर तबकड्या. पण त्याचं भाडं डॉलरमध्ये, आणि चरित्रं प्रामुख्यानं त्यांच्याकडच्या लोकांची.

इथेच आमची पिढी अडते. ही सगळी सॉफ्टवेअर ज्या चौकटी घालून येतात त्यांत अल्बम, कलाकार, संगीतकार आणि प्रकार असे रकाने असतात. आता मानापमानातलं एखादं पद घ्या. १९११ चं नाटक. पद खाडिलकरांचं, चाल गोविंदराव टेंब्यांची, मूळ गायक एक, आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणात गाणारा दुसरा, वर पदाचा राग वेगळा सांगायचा. कवीला रकानाच नाही. ख्यालाला संगीतकार कोण? परदेशी यादी तिथे ‘पारंपरिक’ असं ठोकून मोकळी होते, आणि बंदिश बांधणाऱ्याचं नाव गडप. तोडीची रोमन स्पेलिंग इतकी, की शोधताना अर्ध्या तोड्या सापडतच नाहीत. भीमसेन असं लिहिलं की यंत्र पहिल्यांदा अभंग पुढे करतं. आणि शफल नावाचं बटण ज्यानं शोधून काढलं त्यानं विलंबितच्या आधी द्रुत ऐकण्याची शिक्षा भोगलेली नसणार.

गीतरामायणाचा गुंता तर पाहण्यासारखा. ज्यांच्याकडे आकाशवाणीवरच्या मूळ गीतांची ध्वनिमुद्रणं पोचली त्यांच्या डिस्कवर तेच गीत दोनदा, एकदा फडक्यांचं आणि एकदा दुसऱ्या कुणाचं. एखाद्या सॉफ्टवेअरला दोन्ही एकच वाटतात. ते एक गाळून टाकतं. गाळलं जातं ते बहुतेक वेळा दुर्मीळ असलेलंच.

त्यामुळे आमचा कौल लिरियनला, आणि आवाजाचा त्यात काही संबंध नाही. त्यात देवनागरीत लिहिता येतं, आणि ‘राग’, ‘ताल’, ‘कवी’ असे आपले रकाने शिकवता येतात. एकदा फाइलमध्ये ही माहिती भरली की ती फाइलबरोबर राहते. उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी गीत, संगीत, गायक जागेवर. भाड्याच्या गाण्यांचं तसं नाही. करार संपला की एका सकाळी तबकडीच यादीतून गायब, तक्रार कुणाकडे करणार?

घरच्यांना मात्र हे सगळं पटतंच असं नाही. आमच्या ऐंशी पार केलेल्या आयांनी या सगळ्यावर शांतपणे कारवां घेतला. सारेगामानं, म्हणजे आपल्या जुन्या एचएमव्हीनं, २०१७ मध्ये काढलेली ती पेटी: आत पाच हजार गाणी, बाहेर एक फिरवायचं बटण, फोन नको, पासवर्ड नको. आम्ही नाकं मुरडली. पण फळीवरच्या रेडिओला ज्यांना कधी हात लावू दिला नव्हता, त्यांना वयाच्या शेवटच्या टप्प्यात स्वतःचं बटण मिळालं, यावर काय बोलणार? आणि आता घरात तीन फोन असतील तर तिन्हीवरून तोच अॅम्प्लिफायर चालतो. आपण मारव्यात शिरलेले असताना स्वयंपाकघरातून कुणीतरी आशा भोसले लावतं. बॉस्टनची नात पुण्याच्या रांगेत तिचं कोरियन गाणं ढकलते. लावणारा एकच, हे प्रकरण कायमचं मिटलं.

राहिलं कॅसेटचं काम. नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकात घ्यायला नव्वद मिनिटंच लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. आधी हेड साफ करा, त्याचा कोन जुळवा, मग ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर चालू करून बसा. बसायचंच आहे तर एकट्यानं कशाला, म्हणून आम्ही आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमतो. कार्डावर नीट लिहिलेलं असेल तर काम सरळ. नसेल तर पंचाईत सुरू. गाणारं कोण यावर सहसा एकमत होतं, तबला कुणाचा यावर कधीच नाही, आणि पेटीवाल्यावरून तर चहा दोनदा होतो. महाविद्यालयात एकमेकांना ओळख न दाखवणारी माणसं आता एका तिहाईवरून हमरीतुमरीवर येतात. खरं तर रेकॉर्ड जमवणाऱ्यांची संस्था मुंबईत १९९० पासून हेच करत आली आहे, पण त्या लोकांकडे शिस्त आहे.

परवा एका खोक्यातून मेलट्रॅकची एक कॅसेट निघाली. कुणाचीही ओळख पटेना; आवाज जवळचा वाटत होता, पण नाव ओठावर येत नव्हतं. कार्डावर कुणाच्या तरी वडिलांनी दोनच शब्द लिहून ठेवले होते: ‘मारवा. छान.’ बराच वेळ वाद झाल्यावर रागाच्या रकान्यात मारवा घातला, गायकाचा रिकामा ठेवला, आणि ‘छान’ शेरा या रकान्यात भरलं.