शुश्रूषा करणाऱ्यांची विचारपूस

'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून आपण वार्धक्यातील विसराळूपणा हसण्यावारी नेतो. परंतु चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे वेगळे. ही दुसरी अवस्था म्हणजे स्मृतिभ्रंश. तो मेंदूचा आजार आहे. त्याला म्हातारचळ म्हणणे अन्यायाचे होय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना तो जडलेला आहे. त्यांपैकी बहुतेकांना घरचीच माणसे सांभाळतात. त्या सांभाळणाऱ्यांच्या मनाचे काय होते, याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमच्या रत्नागिरीच्या घरी हा आजार सहा वर्षे मुक्कामास होता. दिवेलागण झाली की आईची घालमेल सुरू होई. या आजारात सायंकाळी गोंधळ वाढतो, हे आम्हांस पुढे डॉक्टरांकडून समजले. ती दारात उभी राहून विचारी, "बोट आली का?" वडील मुंबईला नोकरीस होते, त्या काळी ते आगबोटीने गावी येत. वडिलांना जाऊन आणि आगबोट बंद होऊन कित्येक वर्षे लोटली होती. परंतु ते सांगितले की आईला प्रत्येक वेळी नव्याने कळे आणि ती नव्याने रडे. म्हणून "अजून वेळ आहे, तोवर रोझरी म्हणू या," असे आम्ही सांगत असू. आमची नावे विसरलेली आई रोझरी मात्र न अडखळता म्हणे. पुष्कळदा घोळलेले जुने शब्द या आजारात उशिरा पुसले जातात.

रात्री ती फाटक उघडून बाहेर पडू नये म्हणून आम्ही नवरा-बायको आळीपाळीने जागत असू. रविवारी एकाने पहिल्या मिस्साला जावे आणि दुसऱ्याने दुसऱ्या, असा क्रम लागला. कित्येक महिने आम्ही एका बाकावर बसलो नाही. झोप तुटली, चिडचिड वाढली, क्षुल्लक कारणावरून डोळे भरून येऊ लागले. परंतु जागरणाहूनही जड होता तो शोक. मयताच्या घरी माणसे येतात, सांत्वन करतात, जेवण आणून देतात. माणूस डोळ्यांदेखत थोडाथोडा निघून जात असतो, तेव्हा मात्र दुखवट्याची कोणतीच रीत नसते.

अशा दिवसांत 'देवाने आता सोडवावे' हा विचार मनात येतो. लहानपणापासून चौथी आज्ञा शिकलेल्या माणसाला तो विंचवासारखा डसतो. आम्ही तो दबल्या आवाजात डॉक्टरांपुढे मांडला. ते म्हणाले, हा थकलेल्या मनाचा उद्गार आहे, प्रेम आटल्याची खूण नव्हे. मग आमच्या सौभाग्यवतीकडे वळून त्यांनी विचारले, "आईंचं सगळं ऐकलं. आता तुम्ही रात्री किती तास झोपता, ते सांगा." तोवर हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. उत्तर देण्यापूर्वी ती बराच वेळ रडली.

'अस्तु' या २०१३ सालच्या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवलेला संस्कृत पंडित उभा केला आहे. आम्हांस त्या पंडिताइतकीच त्याची मुलगी जवळची वाटली. वडिलांवरील माया आणि स्वतःचा संसार यांच्या ओढाताणीत सापडलेली.

आपल्या रत्नागिरीत १८८६ सालापासून मनोरुग्णालय आहे. ठाणे, पुणे व नागपूर यांच्या जोडीने ते राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. तरीही मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेडाचा शिक्का, ही भीती आपल्या घरांतून गेलेली नाही. वस्तुतः थायरॉईडचा विकार, 'ब-१२' जीवनसत्त्वाची उणीव किंवा खोल उदासीनता यांमुळेही विस्मृती होते आणि तिच्यावर इलाज असतो. म्हणून तपासणी लवकर करावी. सांभाळणाऱ्यानेही आपल्या मनासाठी डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, आणि तेही मराठीत.

कोकणातील घरांची एक निराळी अडचण आहे. भावंडे मुंबईला वा आखातात चाकरीस असतात; म्हाताऱ्या माणसापाशी एखादी सून किंवा अविवाहित मुलगी उरते. दूरचे भाऊ पैसे पाठवतात आणि फोनवर "आईकडे लक्ष दे" म्हणून बजावतात. पैशाची गरज असतेच. परंतु वर्षातून पंधरा दिवस येऊन रात्रीचा पहारा स्वतः घेणारा भाऊ तिला मनिऑर्डरीहून मोठा वाटतो.

आणि आपण शेजारी, धर्मग्रामातील माणसे? फार मोठे काही करावयाचे नाही. आठवड्यातून एकदा दोन तास त्या वृद्धापाशी बसावे, म्हणजे घरच्या बाईला बाजारात जाता येईल, नाही तर नुसते निजता येईल. कालवणाचे एखादे भांडे पोहोचवावे. 'म्हातारी कशी आहे?' हे विचारून झाल्यावर उंबऱ्यावरून परतू नये. सुनेकडे वळून 'आणि तू कशी आहेस?' असेही विचारावे, आणि उत्तर ऐकावयास घटकाभर बसावे.