तिसऱ्या सत्राचे गुणपत्रक

सोयगाव अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली, घाटाच्या पायथ्याकडे वसले आहे. जिल्ह्याचे ठिकाण आणि विद्यापीठ घाटावर. बाजार, सोयरिकी आणि बोलीचा हेल मात्र खानदेशाकडे झुकलेला. त्यामुळे आमच्या काही विद्यार्थ्यांना पदवीच्या मध्येच जळगावच्या बाजूला जावेसे वाटते, यात नवल नाही. नकाशावर हे अंतर थोडे आहे. कागदावर मात्र ते एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणे असते.

दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी असाच अर्ज घेऊन माझ्याकडे आली होती. मावशीकडे राहून तिला मराठीचे तिसरे वर्ष तिकडे करायचे होते. पहिल्या दोन सत्रांचे गुण उत्तम. तिसऱ्या सत्रात ते एकदम घसरलेले, आणि माझ्याच विषयात एटीकेटी. आपल्याच महाविद्यालयात राहणाऱ्याला एटीकेटी ही सवलत असते : पुढच्या वर्गात बसावे, राहिलेला विषय नंतर सोडवावा. विद्यापीठ बदलणाऱ्याच्या वाटेत तीच आडवी येते. स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता, अभ्यासक्रमाची समकक्षता हे सारे एकवेळ जुळते. परंतु रिकाम्या जागा मोजक्या, आणि मागची सत्रे पूर्ण उत्तीर्ण झालेले अर्जदार रांगेत पुढे उभे असतात.

"असे कसे झाले?" मी काहीशा नाराजीनेच विचारले.

"वेचणी होती, सर. मागच्या वर्षी ताई घरी होती, आता तिचे लग्न झाले. मजूर मिळेनात. आई एकटी पडली असती."

आमच्याकडे कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास फुटू लागतो. फुटलेले बोंड कोणासाठी थांबत नाही. एखादी अवकाळी सर आली की त्याचा भाव उतरतो. सत्राची परीक्षाही नेमकी याच दिवसांत येते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी अंतर्गत चाचणी ठेवली होती. ती आली नाही. मी तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहिले आणि पान उलटले. लेखी परीक्षेत ती काठावर होती. चाचणीचे चार गुण मिळते, तर तरली असती.

त्याच सत्रात मी वर्गात बहिणाबाई चौधरी शिकवत होतो. 1880 मध्ये आसोद्याला जन्मलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली ही शेतकरी स्त्री. सोपानदेवांमुळे जपली गेलेली तिची गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला तिचेच नाव आहे. रानातले कष्ट हेच या कवितेचे मूळ, असे मी फळ्यापाशी उभा राहून सांगत होतो, आणि रानात गेलेल्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरी मांडत होतो. ही विसंगती माझ्या ध्यानात आली ती गुणपत्रक समोर आल्यावर.

आता श्रेयांकांची भाषा रुळली आहे. 2021 साली सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे मिळवलेले श्रेयांक संस्था बदलताना सोबत नेता येतात. सोय चांगली आहे. मात्र पेढीत जमा होते ते मिळवलेलेच; जे मिळाले नाही ते का मिळाले नाही, याची नोंद तिथे नसते. ती नोंद शिक्षकापाशीच असू शकते, जर त्याने विचारले असेल तर.

मी तिच्यासाठी पत्र लिहून दिले. पत्र म्हणजे गुण नव्हेत. उन्हाळ्यात तिने राहिलेला विषय सोडवला. तोवर तिकडचे प्रवेश पूर्ण झाले होते. तिसरे वर्ष तिने इथेच केले. तिने मला कधी दोष दिला नाही, आणि तेच अधिक बोचते.

असो. तेव्हापासून अंतर्गत चाचणी मी दसऱ्याआधी घेतो आणि राहिलेल्यांना आणखी एक तारीख देतो. नियमांत तेवढी जागा पहिल्यापासूनच होती.