देणाऱ्या घरातील शिष्यवृत्ती

आमच्या पेढीच्या लोखंडी कपाटात, जुन्या खतावण्यांच्या शेजारी, एक लिफाफा अनेक वर्षे पडून होता. माझ्या पुतण्याला एका आयआयटीमध्ये एम.टेक.साठी प्रवेश मिळाल्याचे ते पत्र. त्याने यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली होती, गेट परीक्षेत चांगले गुण मिळवले होते, आणि पत्रात प्रवेशाबरोबरच दरमहा मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचाही उल्लेख होता. तो दिवस घरात पेढे वाटण्याचा असावयास हवा होता. परंतु पत्र वाचून झाल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "शिष्यवृत्ती? आपल्यावर अशी काय वेळ आली आहे?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, संकोच होता. आमचे घर धान्याच्या आडत व्यापारातले. समाजाच्या वसतिगृहातील दोन विद्यार्थ्यांचा खर्च अण्णा कित्येक वर्षे उचलत आले होते. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी ज्ञानदानावर त्यांची विशेष श्रद्धा. त्यामुळे शिष्यवृत्ती ही देण्याची वस्तू आहे, गरजूने घेण्याची वस्तू आहे, हेच आम्हां सर्वांच्या मनात पक्के बसलेले. देणाऱ्या घरातील मुलाने ती घ्यावी, ही कल्पनाच अण्णांना सहन होईना.

घरात त्या वेळी शिकलेला म्हणून सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मी कागद घेऊन हिशेब मांडला आणि म्हणालो, "शिष्यवृत्तीपेक्षा आपल्या मुनीमजींचा पगार जास्त आहे. दोन वर्षे जातील, हाती काय येणार?" पुतण्या काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून तो पेढीवर येऊन बसला. आज तोच पेढी सांभाळतो आणि उत्तम सांभाळतो. परंतु तो लिफाफा त्याने फाडून टाकला नव्हता, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या कन्येच्या बाबतीत तोच प्रसंग पुन्हा उभा राहिला. तिने उपकरणीकरण अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. लहानपणी ती पेढीवर येऊन अण्णांच्या शेजारी बसत असे. शेतकऱ्याने आणलेल्या पोत्यातून अण्णा चार दाणे उचलत, दाताखाली धरत आणि ओलावा किती ते सांगत. "दाताला कसे कळते?" हा तिचा प्रश्न. पुढे ओलावा मोजण्याचे यंत्र आले. तुरीत किंवा सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांहून अधिक ओलावा निघाला की भाव उतरतो. म्हणून त्या यंत्राच्या आकड्यावरून शेतकरी आणि व्यापारी यांच्यात वाद होऊ लागले. यंत्र कसे चालते हे तिने महाविद्यालयात शिकून आल्यावर आम्हांला समजावून सांगितले. विद्युतक्षेत्रात ठेवले असता पाणी कोरड्या दाण्यापेक्षा कितीतरी पटींनी निराळे वागते. त्या फरकावरून ओलावा काढता येतो. परंतु मूठभर नमुन्याचा ओलावा म्हणजे संपूर्ण थप्पीचा ओलावा नव्हे. गोदामातील थप्पीच्या पोटात काय चालले आहे, हे ती न उघडता सतत कळत राहावे, यावर तिला संशोधन करावयाचे होते. त्यासाठी एका आयआयटीमध्ये थेट पीएच.डी.चा प्रवेश आणि त्यासोबत शिष्यवृत्ती तिला मिळाली होती.

या वेळी माझ्या मनात शिष्यवृत्तीच्या जोडीला तिच्या विवाहाचाही विचार होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पीएच.डी.ला पाच वर्षे लागतात, कधी सहाही. "तेवीसची मुलगी अठ्ठावीसची होईल" हे वाक्य नातेवाइकांनी म्हणण्यापूर्वी मीच मनाशी म्हणून झालो होतो. त्या रात्री पेढी बंद करताना पुतण्याने कपाटातून तो जुना लिफाफा काढला, माझ्यासमोर ठेवला आणि एवढेच म्हणाला, "काका, माझ्या वेळी हिशेब घाईत झाला. हिच्या वेळी नीट करू."

मग आम्ही दोघांनी कोरे पान घेतले. आमच्यासारख्या घरांना उपयोग व्हावा म्हणून त्यातील नोंदी येथे देत आहे.

१ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारने संशोधन शिष्यवृत्तीचे दर वाढवले. पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर, कामाचा आढावा समाधानकारक ठरल्यास, दरमहा ४२,००० रुपये. पहिल्या दोन वर्षांचे ८,८८,००० आणि पुढील तीन वर्षांचे १५,१२,००० असे पाच वर्षांचे बरोबर २४ लाख रुपये होतात. संस्थेचे शुल्क आणि राहण्याजेवणाचा खर्च त्यातूनच करावयाचा, तरीही घरातून भांडवल घालावे लागत नाही. शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती आयकरातून मुक्त असते, हे माहीत असूनही पहिल्या हिशेबात मी ते धरले नव्हते. मुनीमजींच्या पगाराशी तुलना करताना मी पगार आणि शिक्षण यांची गल्लत केली होती. मुनीमजी पाच वर्षांनी मुनीमजीच राहतात. संशोधक पाच वर्षांनी वेगळ्या जागी उभा असतो.

याहून मोठी योजना पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीची, २०१८ साली सुरू झालेली. तिच्या मूळ रचनेत पहिली दोन वर्षे दरमहा ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि शेवटची दोन वर्षे ८०,००० रुपये, शिवाय संशोधनाच्या खर्चासाठी दरवर्षी २ लाख रुपये होते. निवड अत्यंत काटेकोर. निवडलेल्या विद्यार्थ्याने जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तंत्रनिकेतनात जाऊन नियमित शिकवावे, अशी अट तिच्यात घातलेली आहे. घेता घेता देण्याची ही अट अण्णांना फार आवडली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेखाली पाच वर्षांत १०,००० शिष्यवृत्त्या देण्याची घोषणा झाली. नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची मूळ सूचना स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर सौदा करू नये.

या सर्वांचे प्रवेशद्वार बहुतांशी गेट परीक्षा हेच आहे. ती दरवर्षी फेब्रुवारीत होते, तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य राहतात आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षात असतानाही ती देता येते. आपली मुले शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती संपल्यावर तिच्याकडे वळतात. तोवर उशीर झालेला असतो. गेटच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये मिळतात. ऊर्जा आणि तेल क्षेत्रांतील अनेक सार्वजनिक कंपन्यांनीही याच गुणांवर अभियंते घेतले आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे १९५७ साली सुरू झालेले प्रशिक्षण विद्यालय निवडलेल्या अभियंत्यांना विद्यावेतन देऊन तयार करते आणि यशस्वी झालेल्यांना शास्त्रीय अधिकारी म्हणून सेवेत घेते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांत पीएच.डी. करता येते. अभियांत्रिकी महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकपदासाठी आता पीएच.डी. लागते.

परदेशाविषयीही आपल्या घरांत एक गैरसमज आहे. अमेरिकेत एम.एस. करण्यासाठी मोठे कर्ज काढणारी घरे मी पाहिली आहेत. तेथील अभियांत्रिकी पीएच.डी.ला मात्र बहुतेक चांगल्या विद्यापीठांत शिकवणी शुल्क माफ होते आणि निर्वाहापुरते वेतनही मिळते. जर्मनीत पीएच.डी. करणारे अनेक तरुण विद्यापीठाचे करारबद्ध कर्मचारीच असतात. आपल्याकडे जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या स्वरूपाचा आहे: शिकून आलेल्याने रक्कम परत करावी, म्हणजे ती पुढच्याला मिळेल. व्यापारी मनाला हा व्यवहार सहज पटावा.

पानाच्या दुसऱ्या बाजूला आम्ही नावेची बाजूही लिहिली. पीएच.डी. सुरू करणारे सर्वच ती पूर्ण करतात असे नाही. मार्गदर्शकाची निवड चुकली तर वर्षे वाया जातात. म्हणून प्रवेशापूर्वी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे. शिष्यवृत्तीची रक्कम कधी काही महिने उशिरा येते. प्राध्यापकांच्या जागा मर्यादित आहेत. आणि बरोबरीचे मित्र नोकरीत पगारवाढ घेत असताना प्रयोगशाळेत फसलेला प्रयोग पुन्हा करत बसण्यासाठी मनाचा संयम लागतो.

दुसऱ्या दिवशी अण्णांना पान वाचून दाखवले. वय शहाऐंशी, परंतु ऐकणे तीक्ष्ण. त्यांनी पुन्हा तोच शब्द उच्चारला, "शिष्यवृत्ती?" या वेळी उत्तर पुतण्याने दिले, "अण्णा, मुनीमजींचा पगार दान असतो का? ही संशोधन करणार, विद्यार्थ्यांना शिकवणार, त्याचे हे वेतन. गरजूचा हिस्सा त्यातून जात नाही. परीक्षेत जो पात्र ठरेल, तोच घेईल."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी नातीला जवळ बोलावून विचारले, "ती गोळी टाकावी लागणार नाही, असे तुझ्या शोधाने होईल का?"

वाचकांपैकी धान्याच्या व्यापारातील बंधूंना गोळी म्हणजे काय ते सांगावयास नको. कीड लागलेल्या थप्पीला धुरी द्यावी लागते. उद्योगी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टळत नाही हे शास्त्र सांगते, तरी धुरी दिलेल्या दिवशी प्रतिक्रमणाला बसताना अण्णांचा चेहरा उतरलेला मी लहानपणापासून पाहत आलो आहे. धान्य वेळीच कोरडे राहिले तर जीवोत्पत्ती कमी होते, हे आपल्या आजी-पणजींना ठाऊक होते. म्हणूनच त्या धान्य उन्हात वाळवून डब्यात भरत. हजारो पोत्यांच्या गोदामात ते कसे साधावे, हा प्रश्न अभियांत्रिकीचा आहे. कन्येने खरे तेच सांगितले, "अण्णा, गोळी कायमची बंद होईल असे मी म्हणणार नाही. पण ओलावा कोठे वाढतो आहे हे आधी कळले, तर ती कमी वेळा लागेल."

"मग जा," अण्णा म्हणाले.

आपल्या समाजाला हा मार्ग नवा नाही. डॉ. विक्रम साराभाई अहमदाबादच्या गिरणीमालक जैन कुटुंबातले. महायुद्धामुळे केंब्रिजहून परतल्यावर त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांवर काम केले आणि १९४७ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि गिरण्यांच्या अडचणींवर संशोधन करणारी 'अटिरा' ही संस्थाही उभी राहिली. संशोधनाला गेलेला मुलगा व्यवसायाला मुकतो, हे त्यांच्या उदाहरणावरून तरी म्हणता येत नाही. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. अभियंते घडवण्यासाठी या समाजाने धन दिले. आता आपल्या घरातील एखादा अभियंता संशोधनासाठी द्यावा, एवढेच माझे म्हणणे.

आपल्या विश्वस्त मंडळांनाही एक विनंती. शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकांचे उत्पन्न विचारणे योग्यच आहे, आणि गरजू विद्यार्थ्याचा हक्क पहिला. परंतु त्याच निधीतून संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक लहान रक्कम बिनव्याजी, परतफेडीच्या बोलीवर ठेवता येईल. सरकारी रक्कम लांबलेले महिने किंवा परिषदेसाठी प्रवास, एवढ्यासाठी ती पुरते. ज्याला मिळेल तो कमावता झाल्यावर परत करील.

कन्या जुलैमध्ये रुजू झाली. पहिली शिष्यवृत्ती जमा झाल्यावर तिने त्यातून वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या पुस्तकांसाठी रक्कम पाठवली. तिची पावती अण्णांनी स्वतःच्या डबीत ठेवली आहे. विवाहाचा विषय निघाला आहे आणि संशोधन पूर्ण करू देणारे घर पाहावे असे आम्ही ठरवले आहे. तो जुना लिफाफा मी पुतण्याकडे परत मागितला नाही. त्याचा मुलगा यंदा दहावीत आहे, आणि गणितात त्याला चांगली गती आहे.