दुःखाची बाराखडी

अकोल्यात टिळक रोडवर दादाचं घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. उन्हाळ्यात दुपारी रस्ता ओस पडला, की तो डोळ्याचं भिंग काढून ठेवायचा आणि एका वहीत सुरेश भटांच्या गझला उतरवून घ्यायचा. दादाचा डावा पाय लहानपणी पोलिओनं अधू झाला होता, भटांचा उजवा. दोघांचं दुःख एकच, म्हणूनच दादाला या गझला इतक्या भिडतात, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

पुढे नोकरीसाठी अमरावतीला ये-जा सुरू झाली. मूर्तिजापूर मागे पडून बडनेरा जवळ आलं, की भटांचं गाव आलं म्हणून मन त्यांच्याकडे वळायचं. त्यांचा जन्म १५ एप्रिल १९३२चा, अमरावतीतला. अडीच वर्षांचे असताना पोलिओ झाला. बीएच्या शेवटच्या वर्षात दोनदा नापास होऊन १९५५ साली पदवी मिळाली. मग आसपासच्या खेड्यांत शिक्षकाची नोकरी. एवढं ऐकलं की समोरचा मान डोलावतो : म्हणूनच त्यांच्या लेखणीत एवढी वेदना!

मलाही हे उत्तर पुरेसं वाटायचं. आता वाटत नाही. नुसत्या पोलिओनं गझल लिहिली असती, तर ती दादानंही लिहिली असती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या आमच्या वऱ्हाडात दुःखाला कधी तोटा नव्हता. त्यातलं बहुतेक दुःख एक शब्दही न बोलता मातीत गेलं.

मग भटांकडे वेगळं काय होतं? घरात आईला कवितेची गोडी होती. सोबतीला गाण्याचा कान होता. आणि गझलेचं कडक शिस्तीचं घर त्यांनी राहण्यासाठी निवडलं होतं. या घरात शेर दोन ओळींतच पुरा व्हावा लागतो. रडू कोसळलं तरी वृत्त मोडून चालत नाही. रदीफ ठसठसणाऱ्या जखमेसारखी पुन्हा पुन्हा त्याच जागी येते, पण तिच्याआधीचा काफिया दर वेळी बदलावा लागतो. म्हणजे तेच दुःख प्रत्येक शेरात नव्या बाजूनं पाहावं लागतं. असं पाहता पाहता ते एकट्याचं राहत नाही. ‘रूपगंधा’पासून ‘एल्गार’पर्यंत भटांची वेदना स्वतःपुरती उरली नाही; ती उपेक्षितांच्या बाजूनं उभी राहिली.

उद्धव शेळक्यांची १९६० सालची ‘धग’ ही कादंबरी हेच वेगळ्या रीतीनं दाखवते. तिची नायिका कौतिक हिच्या शिंपी घरात दारिद्र्य आहे, नवऱ्याचा नाकर्तेपणा आहे, पुढे महारोगही येतो. पण शेळके कुठेही गळा काढत नाहीत. ते विसंबतात वऱ्हाडी बोलीवर, कौतिकच्या राबण्यावर. वाचणाऱ्याला चटका बसतो तो त्यामुळेच.

म्हणून दुःखानं कवी मोठा केला असं कुणी कौतुकानं म्हटलं, की मी अस्वस्थ होतो. तसं म्हणताना आपण कवीच्या कष्टांचं श्रेय त्याच्या आजाराला देऊन टाकतो. भटांना हे ठाऊक असावं. नव्या कवींसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. आपलं दुःख दुसऱ्याला देता येत नाही, देऊही नये. ते मांडायची अक्षरं मात्र देता येतात, आणि तीच त्यांनी मोकळ्या हातानं वाटली.

एकदा मी दादाला विचारलं होतं, तुला या गझला एवढ्या का आवडतात? हातातलं घड्याळ कानाशी धरत तो म्हणाला, “दुख तं माह्यापाशीबी हाय. पन त्यायले ते सांगता येते.”

तो गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. ओळखीच्या गझला संपल्या आणि शेवटच्या काही पानांवर मला शिसपेन्सिलीनं केलेल्या लघु-गुरूच्या खुणा दिसल्या. बाजूला काफियांची जुळवाजुळव, आणि कागद फाटेपर्यंत खोडाखोड. पुरा झालेला शेर एकही नाही. इतकी वर्षं न बोललेला माझा भाऊ त्या पानांवर अक्षरं गिरवत होता. भटांच्या गझला मला पाठ आहेत. वही उघडतो ती या खोडाखोडीसाठी.