लाकडी नाकाचं जेट

संगणकावर लढाऊ विमानं उडवण्याचा खेळ असतो, हे मढला बसून मला नातवामुळे कळलं. त्या खेळात जुनी जेट विमानंही हवीत, असा हौशी मंडळींचा आग्रह आहे म्हणे. एवढी वेगवान विमानं असताना जुनं कशाला? नातवाचं उत्तर असं, की जुन्या विमानात यंत्र सांभाळून घेत नाही, सगळं वैमानिकाच्या हातात असतं.

मला लगेच व्हॅम्पायर आठवलं. १९४८ साली आपल्या हवाई दलात आलेलं पहिलं जेट. वैमानिक बसतो तो पुढचा भाग चक्क प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा! १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे रोखायला ही विमानं धाडली, तेव्हा ती कालबाह्य झाली होती. समोर सेबर जेट. चार व्हॅम्पायर पडली, तीन वैमानिक गेले. नंतर ती आघाडीवरून काढून घेतली.

खेळात व्हॅम्पायर जरूर यावं. पण एकट्याने उडवायच्या त्या विमानात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची नव्हती. खेळातही ती देऊ नये. विमान पडू लागलं की त्या तिघांची आठवण तरी होईल.